दार फिरवणारे हिराजीभाऊ

सकाळी आपण मागच्या अंगणात भांडी घासायला बसावं आणि समोरच्या कोऱ्या भिंतीतून धाडकन पहार बाहेर यावी, असा शेजार कुणाच्या नशिबी येऊ नये. माझ्या आला. मी हातातली कढई टाकून मागे सरकले. भोकातून आधी माती गळली, मग दोन विटा पडल्या, आणि मग त्या भोकात एक डोळा दिसला.

"बाई, भिऊ नका," डोळा म्हणाला. "मीच हाय. दार फिरवताव."

हिराजीभाऊंशी माझी खरी ओळख अशी झाली. त्याआधी ते मला दिसायचे ते रस्त्याकडेला पडलेले. थळच्या शाळेत माझी नेमणूक झाली तेव्हा आळीतली ही खोली मी भाड्याने घेतली. मी मूळची डोंगराकडच्या तळे गावची. समुद्राकाठच्या लोकांच्या मोठमोठ्या आवाजांची मला सवय नव्हती. हिराजीभाऊंचा टेम्पो होता. मासळी, पांढरा कांदा, लग्नाचा मांडव, जे मिळेल ते ते वाहत. घराचं पुढचं दार उघडलं की समोर रस्ता, आणि रस्त्यापलीकडे देशी दारूचं दुकान. संध्याकाळी टेम्पो लावायचा, दाराच्या पायरीवर बसून बूट काढायचे आणि ते पायात परत चढवायच्या आत रस्ता ओलांडलेला असायचा. त्यांची बायको सुमन म्हणायची, "तो कुठं जातोय? ते दुकानच उटून याच्याकडं येतंय."

तर त्या दुकानासमोरचं दार त्यांनी विटा लावून बुजवलं आणि घराच्या पाठीत, म्हणजे थेट माझ्या अंगणात, नवं पाडलं. मला विचारलं नाही. घरमालकाला विचारलं होतं म्हणे. मी चिडलेच. माझी धुण्याची दोरी, माझी भांड्यांची पाटी, माझं तुळशीचं डबडं, सगळं आता यांच्या उंबऱ्यापुढे. मी तावातावाने विचारलं, "अहो, दारू सोडायचीय तर सोडा ना. भिंतींनी काय घोडं मारलंय?"

ते विटांच्या ढिगाऱ्यावर बसले होते. तोंड कोरडं पडलेलं. म्हणाले, "सोडून बघितली, बाई. लय येला. देवाची शपत घेतली, पोरींची घेतली. मनावर पहारा ठेवायचा तर दुसरा मन कुठशी आनू? भिंत बरी. भिंत पीत न्हाय."

कारण मला नंतर सुमनने सांगितलं. थोरल्या मुलीच्या लग्नात तिला निरोप द्यायच्या वेळी हिराजीभाऊ मांडवामागे उताणे पडले होते. कन्यादान त्यांच्या मोठ्या भावाने, धर्मादादांनी केलं. पोरगी बापाला ओलांडून गाडीत बसली. आता धाकटी, मयुरी, लग्नाच्या वयाला आली होती. तिला निरोप द्यायला आपण आपल्या पायांवर उभं राहायचं, एवढी एकच गोष्ट या माणसाला आयुष्यात करायची होती. बाकी सगळं, म्हणजे दार, शर्ट, बोंबील, पाणी, हे त्या एका गोष्टीसाठी.

शर्टाचं असं, की त्यांनी सगळ्या शर्टांचे खिसे सुमनकडून उसवून घेतले. टेम्पोचं भाडं गिऱ्हाइकाने सुमनलाच द्यायचं. घरातले काचेचे पेले बाजारात जाऊन बदलून आणले, त्याऐवजी पितळी फुलपात्री आली. पेला हातात धरला की बोटं आपोआप तशी वळतात, असं त्यांचं म्हणणं. आणि सुकट-बोंबील घरात भाजायचे बंद. भाजक्या बोंबलाचा वास आला की घशाला दुसरं काही आठवतं म्हणे. आता थळात राहून सुका बोंबील खायचा नाही, म्हणजे गोकुळात राहून दुधाला शिवायचं नाही. सुमनची पंचाईत झाली. ती माझ्याकडे येऊन बोंबील भाजायची, मी दारं-खिडक्या लावून घ्यायची, आणि आम्ही दोघी चोरट्यांसारख्या भाकरीबरोबर खायचो. मी भात-आमटीची बाई, पण मलाही चटक लागली. एकदा वास कसा कोण जाणे पलीकडे गेला. हिराजीभाऊ अंगणात येऊन, माझ्या बंद दाराकडे पाठ करून, अदबीने म्हणाले, "बाई, भाजायचा असंल तवा आदी सांगत जा. मी बंदरावर चक्कर मारून येन."

आळीला मात्र यातलं काही कळलं नाही. कळलं असतं तरी पटलं नसतं. दार फिरवल्यावर महिन्या-दोन महिन्यांत टेम्पोला रोजचं भाडं लागलं आणि मयुरीचं लग्न म्हसळ्याकडच्या चांगल्या घरात ठरलं. लोकांनी निदान केलं, वास्तुशास्त्र! हिराजीला कुणीतरी मोठा जाणकार भेटला, त्याने दक्षिणेचं दार बंद करायला लावलं. माणसं येऊन हळूच विचारत, "कोन सांगितलन? किती घेतलन?" हिराजीभाऊ खरं सांगायचे, "अरं बाबा, दारूचं दुकान दिसायचं म्हनून." त्यावर विचारणारा डोळे मिचकावून म्हणायचा, "बरं बरं, नको सांगू." पलीकडच्या गल्लीतल्या काशिनाथने तर कुणालाही न विचारता हिराजीभाऊंच्या नव्या दाराच्या दिशेलाच आपलंही दार फोडलं. काशिनाथ जन्मात कधी प्यालेला नव्हता. त्याचं नवं दार नेमकं दुकानाच्या मागच्या खिडकीसमोर आलं. उधारीवाले त्या खिडकीपाशी उभे राहायचे, काशिनाथच्या बायकोकडे पाणी मागायचे, मग मीठ, मग कांदा. ती बाई आजही वास्तुशास्त्राचं नाव काढलं की हातात येईल ते फेकून मारते.

पण एका माणसाला हे दार फारच लागलं. हिराजीभाऊंच्या आईला. म्हातारी धर्मादादांकडे, आळीच्या दुसऱ्या टोकाला राहायची. अंगाने काडी, आवाजाने नगारा. ज्या दारातून ती नवरी होऊन आत आली आणि ज्या दारातून तिच्या नवऱ्याला खांद्यावरून नेलं, ते दार पोराने विटांनी लिंपलं. ती रस्त्यात उभी राहून म्हणाली, "तुज्या बापसाला घरात यायचं झालं तर तो कुठशी येल?" त्यानंतर म्हातारीने त्या घरात पाऊल टाकलं नाही.

संध्याकाळची वेळ सगळ्यात वाईट, असं ते सांगायचे. दिवस मावळला की अंगात कुणीतरी हाका मारतं. त्यावर त्यांनी जो उपाय काढला तो ऐकून मी कपाळाला हात लावला. आळीचं पाणी टाकीवरून संध्याकाळी सोडतात. ते काम करायला कोणी धड तयार नसायचं, कारण पाणी पाच मिनिटं उशिरा आलं तरी बायका सोडणाऱ्याच्या सात पिढ्या उद्धरायच्या. हिराजीभाऊंनी ग्रामपंचायतीत जाऊन ते काम मागून घेतलं. मी विचारलं, "ही ब्याद कशाला?" म्हणाले, "बाई, आलीतल्या बायकांच्या तोंडाला मी जेवडा भितो तेवडा देवाला न्हाय. देव गप ऱ्हातो."

शिमग्याच्या दिवसांत एकदा संध्याकाळी पाणी आलंच नाही. वाट पाहिली. हंडे आपटले. मग बायकांचा घोळका टाकीकडे निघाला, आणि मीही बादली घेऊन मागोमाग गेले, कारण नळ माझाही कोरडा होता. सुमन पुढे होती. तिचा चेहरा पाहून मला कळलं की ती पाण्यासाठी चाललेली नाही.

टाकीखाली हिराजीभाऊ व्हॉल्व्हच्या चाकाशेजारी बसले होते. दोन्ही हातांनी जाड पाइपाला मिठी मारलेली, गाल पाइपाला टेकवलेला. दोन्ही बाजूंना त्यांचे जुने दोस्त. एकाच्या पिशवीतून बाटलीचं बूच दिसत होतं. तो समजूत घालत होता, "शिमगा हाय रं, वर्साचा सन. उद्यापासून परत सोड की." हिराजीभाऊ मान हलवत होते, पण ती 'नाही' म्हणून हलत होती की 'हो' म्हणून, ते ओळखू येत नव्हतं. मला त्या क्षणी खरोखर भीती वाटली. आणखी थोडा वेळ गेला असता तर त्यांनी हात सोडला असता.

मग बायकांनी तोंड उघडलं. काय काय म्हटलं ते लिहिण्यासारखं नाही. शाळेत पोरांनी त्यातलं अर्धं जरी उच्चारलं असतं तरी मी पालकांना बोलावलं असतं. दोघे दोस्त पिशवी काखोटीला मारून शेताच्या बांधावरून पळाले. सुमनने नवऱ्याचे हात एकेक करून पाइपावरून सोडवले.

"पानी का न्हाय सोडलं?" एकीने दरडावलं.

"सोडलं असतं तर तुमी आल्याच नसतात," हिराजीभाऊ म्हणाले.

सुमनने स्वतःच चाक फिरवलं. त्या दिवसापासून आळीतल्या बायकांनी एक केलं. टाकीखाली संध्याकाळी कोणीतरी एक जण भाजी निवडायला, तांदूळ पाखडायला जाऊन बसू लागली. ठरवून नाही, पण कोणी चुकवलंही नाही.

मग लग्न जवळ आलं आणि खरा घोर लागला तो हळदीचा. आमच्याकडे, म्हणजे त्यांच्याकडे, लग्नापेक्षा हळद मोठी. मटण, वडे, नाच, आणि दारू. हळद कोरडी गेली तर पाहुणे वर्षभर तोंडात शेण घालतात. आणि एक रीत होती. मांडवाच्या खांबाला दारूचा शिंतोडा द्यायचा, तो गेलेल्या वाडवडिलांचा मान. पेल्यात उरलेली घरधन्याने तोंडाला लावायची. मयुरीने बापाला सांगून टाकलं, "बाबा, आपण कोर्टात लग्न करू. मला हळद नको." हिराजीभाऊ तिच्यावर पहिल्यांदा ओरडले. "थोरलीच्या हलदीत मी नवतो. तुज्या हलदीत मी हाय म्हनून हलद नको?"

त्यानंतर त्यांनी हळदीचा जो बंदोबस्त आखला तसा आमच्या शाळेच्या परीक्षेचाही नसतो. हळद रात्री नाही, दिवसाउजेडी. मांडव माझ्या अंगणात. ज्यांना प्यायचीय त्यांची सोय आळीच्या टोकाला धर्मादादांच्या ओट्यावर. मांडवात बाटली यायची नाही. खांबाचा मान धर्मादादांनी द्यायचा, थोरले म्हणून. ते कुरकुरत का होईना, कबूल झाले. आणि स्वतः हिराजीभाऊ बसणार कुठे? तर बायकांत, वड्यांच्या कढईपाशी. पुरुषाने वडे थापायचे, हे आळीत कोणी पाहिलं नव्हतं. लोक हसले. ते म्हणाले, "हात पिठात असला की पेला धरता येत न्हाय."

हळदीच्या दिवशी मी त्यांच्या शेजारीच बसले होते. खरं सांगायचं तर ते वडे फार वाईट थापत. एक जाड, एक फाटका. पण मान वर न करता थापत होते. धवलारीण, म्हणजे लग्नाची गाणी म्हणणारी बाई, सुरात लागली होती. मयुरी पाटावर, तोंडाला हळद, आणि डोळे सारखे कढईकडे. सुमन धर्मादादांची वाट पाहत आळीच्या टोकाकडे बघत होती. ते काही येईनात.

आली ती म्हातारी.

नवं लुगडं, हातात काचेचा पेला, अर्धा भरलेला. मांडव ओलांडून ती सरळ कढईपाशी आली. वास आमच्यापर्यंत पोचला. हिराजीभाऊंचे हात पिठात थांबले.

"ऊट," ती म्हणाली. "धर्मा कोन मान देनारा? मांडव तुजा, पोर तुजी. तुजा बापूस खांबापाशी उबा हाय."

"आये, दादाचं ठरलंय."

"मी न्हाय ठरवलेलं. पोरीच्या संसाराला काय झालं तर तोंड कोनाला दाखवू? एक घोट. एका घोटान कोन मरत न्हाय."

धर्मादादा असते तर हिराजीभाऊंनी हात झटकला असता. दोस्त असते तर बायका धावल्या असत्या. पण आईला कोण काय बोलणार? एकही बाई पुढे झाली नाही. मीही नाही. ते उठले. पिठाच्या हातांनी पेला घेतला, खांबापाशी गेले आणि शिंतोडा दिला. गाणं थांबलं. पेल्यात उरलेली त्यांच्या नाकाखाली आली होती. त्यांनी एकदा चहूकडे पाहिलं, बाहेर जायची वाट शोधावी तसं. सगळीकडे माणसंच होती. मयुरी पाटावरून अर्धी उठली होती. मला वाटलं, गेलं. सगळं गेलं.

"आये," ते अगदी हळू म्हणाले, "मना एकावर थांबता येत न्हाय."

म्हातारी बघत राहिली.

"उद्या पोरीला लावून द्यायचंय. हा घोट घेतला तर उद्या मी नसन."

"थोरलीच्या येलेला नवतास, तसा?"

"व्हय. तसाच."

म्हातारीने त्यांच्या हातातून पेला काढून घेतला, मांडवाकडे वळली आणि त्या नगाऱ्यासारख्या आवाजात म्हणाली, "म्हातारा गेला तवापासून या घरची थोरली मी हाय. मान कोन घेनार ते मी बघन." आणि एका दमात पेला रिकामा केला. तिला जोराचा ठसका लागला. डोळ्यांतून पाणी आलं. पदराने तोंड पुसत ती लेकाला म्हणाली, "मेली कडू हाय रं. ही पीत व्हतास तू?"

कोणीतरी फिसकन हसलं आणि मग सगळा मांडव हसला. धवलारणीने सूर परत धरला. हिराजीभाऊ कढईपाशी येऊन बसले, की कोसळले म्हणू? बराच वेळ त्यांना वडा थापता आला नाही. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "सगल्या गावाचा बंदोबस्त केला, बाई. आयसला सांगायचंच ऱ्हायलं."

मला त्यांच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला. ठेवला नाही. मी त्यांच्या पुढ्यातलं पीठ ओढून घेतलं आणि त्यांच्या वाटणीचे वडे थापले.

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत माझी बदली म्हसळ्याला झाली. घाईत सामान हलवलं तेव्हा हिराजीभाऊ भाडं घेऊन बाहेरगावी होते, त्यामुळे लग्नाच्या दिवशी पाहिले तेच शेवटचे. लग्नाच्या त्या दुपारी गाडी फुलं लावून उभी होती. हिराजीभाऊ गाडीच्या दाराशी ताठ उभे होते, नवा सदरा, दाढी केलेली. रात्रभर झोपले नसावेत. सुमन रडत होती, म्हातारी डोकं धरून खुर्चीत बसली होती.

मयुरी एकेकाच्या पाया पडत आली. बापासमोर उभी राहिली आणि वाकली नाही. लहान असताना बाप घरी आला की गळ्यात पडण्याआधी ती त्याच्या तोंडाचा वास घ्यायची, आणि त्यावरून जवळ जायचं की पळायचं ते ठरवायची. सुमननेच मला हे कधीतरी सांगितलं होतं. आता भरल्या लग्नात, मुंडावळ्या लावलेल्या त्या पोरीने चवड्यांवर उंच होऊन तोंड बापाच्या तोंडाजवळ नेलं. तिला स्वतःला तरी कळलं की नाही, कोण जाणे. मला तिची लाज वाटली आणि त्यांची दया आली, आणि मी नजर वळवणार होते.

पण हिराजीभाऊ चिडले नाहीत, खालीही बघितलं नाही. ते थोडे वाकले, तोंड उघडलं आणि तिच्या चेहऱ्यावर मोठा श्वास सोडला. तिने डोळे मिटून तो घेतला. मग त्यांच्या छातीवर डोकं ठेवलं.